'संथ' या एका शब्दावर चित्रपट निकालात काढू नका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील चित्रपट परीक्षणे मी कित्येक वर्षे नेमाने वाचत आले आहे आणि काय पाहायचे, काय टाळायचे हे पुष्कळदा त्यांच्यावरूनच ठरवत आले आहे. गेल्या दोन-अडीच महिन्यांत बऱ्यापैकी मोकळा वेळ मिळाल्याने मी नऊ चित्रपट पाहिले. त्यांतले काही अलीकडचे होते, काही साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे, आणि निवडीमागे कोणतेही सूत्र नव्हते. जो हाती आला तो पाहिला, इतकेच. मात्र ते पाहून झाल्यावर परीक्षणांत वारंवार येणाऱ्या एका शब्दाविषयी मनात जे साचले आहे ते लिहिल्यावाचून राहवत नाही. तो शब्द आहे 'संथ'. 'अभिनय उत्तम, छायाचित्रण देखणे, पण गती संथ' हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या चित्रपटांविषयी वाचले आहे की त्यातून आता काहीच कळेनासे झाले आहे. दोन तारे कापण्यासाठी ते पुरेसे ठरते, हे मात्र कळते.

सुरुवात यासुजिरो ओझू यांच्या १९५३ सालच्या 'टोकियो स्टोरी'पासून करते, कारण या चित्रपटाचे माझ्यापुरते एक जुने देणे आहे. खूप वर्षांपूर्वी एका नियतकालिकात त्याच्याविषयी 'अतिशय संथ, केवळ अभ्यासकांसाठी' असे काहीसे वाचले होते आणि तेवढ्यावर मी तो बाजूला ठेवला होता. त्या वेळी माझी आई हयात होती आणि आम्ही दोघी बरेच चित्रपट एकत्र पाहत असू. आता तो एकटीने पाहताना, तो आईबरोबर पाहायला हवा होता ही हळहळ शेवटपर्यंत सोबत राहिली. गोष्ट साधीच आहे. ओनोमिची या बंदराच्या गावी राहणारे वृद्ध आई-वडील टोकियोत स्थिरावलेल्या मुलांना भेटायला जातात. मुले वाईट नाहीत, पण कामात आहेत. युद्धात वारलेल्या मुलाची विधवा पत्नी नोरिको हीच काय ती त्यांच्यासाठी मनापासून वेळ काढते. कॅमेरा जमिनीलगत ठेवलेला, जवळजवळ कधीच न हलणारा. वर्णन ऐकून कुणालाही संथ वाटेल. प्रत्यक्षात हा चित्रपट किती गोष्टी गाळून पुढे जातो ते पाहावे. आई-वडिलांच्या प्रवासाची तयारी दिसते आणि पुढच्याच दृश्यात टोकियोतली धुराडी येतात. ज्या प्रवासाची इतकी चर्चा झाली तो प्रवास दाखवलेलाच नाही. आईच्या मृत्यूचा क्षणही दाखवलेला नाही. पहाटेच्या निर्मनुष्य गावाची काही दृश्ये येतात, आणि मग तिच्याभोवती बसलेले कुटुंब. ज्याला आपण वेग म्हणतो तो याहून वेगळा काय असतो? एखाद्या घाईच्या चित्रपटाने या दोन्ही प्रसंगांवर वीस मिनिटे घालवली असती.

आणि जिथे ओझू थांबतात, तिथे थांबण्याला कारण असते. समुद्रकाठच्या कठड्यावर बसलेली आई उठताना क्षणभर तोल जाऊन खाली टेकते, पुन्हा उठते, दोघे चालू लागतात. संगीताचा ठोका नाही, चेहऱ्याजवळ धावणारा कॅमेरा नाही. मुलांना पुढे जे कळणार आहे ते प्रेक्षकाला इथेच कळून जाते, आणि ते आपले आपल्याला कळल्यामुळे अधिक लागते. आई गेल्यानंतर वडील पहाट पाहून परततात आणि आज उकाडा होणार असे काहीतरी बोलतात, तेव्हा मला चित्रपट थांबवून काही वेळ नुसते बसून राहावे लागले. वडिलांची भूमिका करणारे चिशू र्‍यू त्या वेळी पन्नाशीच्याही आत होते, हे नंतर समजले आणि त्यांच्या त्या वाकलेल्या पाठीचे आणि सावकाश मान डोलवण्याचे मोल आणखी वाढले.

याच्या पाठोपाठ विम वेंडर्स यांचा २०२३ सालचा 'परफेक्ट डेज' पाहिला तो निव्वळ योगायोगाने, पण त्याच्या नायकाचे आडनाव हिरायामा आहे आणि 'टोकियो स्टोरी'तल्या कुटुंबाचेही तेच आहे. वेंडर्स यांनी ओझूंवरील प्रेमापोटी १९८५ मध्ये एक माहितीपट केला होता, त्यामुळे हे सहज घडलेले नसणार. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणारा एक मितभाषी माणूस, त्याच्या कॅसेट, त्याची झाडांची छायाचित्रे, रोजचा तोच क्रम. या भूमिकेसाठी कोजी याकुशो यांना फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि तो अगदी योग्य माणसाला मिळाला. या चित्रपटालाही संथ म्हटले गेले. माझी तक्रार मात्र निराळी आहे. त्यातली स्वच्छतागृहे नामवंत वास्तुरचनाकारांनी घडवलेली, देखणी आणि मुळातच स्वच्छ आहेत. या कामात जो त्रास, जी घाण आणि जो अपमान असतो त्याच्या कडेकडेनेच चित्रपट जातो. कष्टाच्या जगण्याला इतके गोंडस करणे मला पटले नाही. तरीही एक प्रसंग विसरता येत नाही. हिरायामाची बहीण आपल्या मुलीला न्यायला मोटारीतून येते, तू खरोखरच स्वच्छतागृहे साफ करतोस का असे विचारते, वडिलांच्या ढासळलेल्या अवस्थेविषयी दोन वाक्ये बोलते, तो तिला मिठी मारतो, आणि ती गेल्यावर रडतो. वडील आणि मुलगा यांच्यात काय घडले होते ते चित्रपट कधीही सांगत नाही. त्या दोन वाक्यांच्या मागे एक आख्खे आयुष्य उभे राहते. शेवटी गाडी चालवणाऱ्या याकुशो यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा कितीतरी वेळ राहतो आणि त्यावर हसू व आसू एकमेकांत मिसळत जातात. ते दृश्य निम्म्यावर कापले असते तर फक्त हसू उरले असते.

आता दुसऱ्या टोकाला जाते. अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा ख्रिस्तोफर नोलन यांचा 'ओपनहायमर' तीन तासांचा आहे आणि त्याला कोणीही संथ म्हटलेले माझ्या वाचनात नाही. खरेच, तो धावतो. माणसे बोलता बोलता दृश्य बदलते, एका वाक्याचे उत्तर दुसऱ्या सालात मिळते, आणि लुडविग योरानसन यांचे पार्श्वसंगीत जवळपास सर्व वेळ पाठीवर हात ठेवून पुढे ढकलत राहते. पहिला तास संपता संपता मी दमले होते. एखादी महत्त्वाची गोष्ट महत्त्वाची आहे हे जर संगीतच दर वेळी सांगणार असेल, तर कोणती गोष्ट खरोखर महत्त्वाची आहे हे ओळखण्याची प्रेक्षकाची शक्ती बोथट होते. पण याच चित्रपटात १६ जुलै १९४५ च्या अणुचाचणीचा स्फोट जेव्हा येतो, तेव्हा आवाज बंद होतो. पडद्यावर प्रचंड आग आणि कानांवर फक्त श्वास. प्रकाश आधी पोहोचतो आणि आवाज नंतर, हे भौतिकशास्त्राचे सत्यच तिथे नाट्य होऊन येते. पुढे हिरोशिमाची छायाचित्रे दाखवली जात असताना आपल्याला ती छायाचित्रे दिसत नाहीत, ती पाहणाऱ्यांचे चेहरे दिसतात, आणि ओपनहायमर नजर वळवतो. तीन तासांतले माझ्या मनात राहिलेले प्रसंग मोजले तर ते बहुतेक सगळे असे आहेत जिथे हा धावता चित्रपट पाय रोवून उभा राहिला.

सॅम मेंडिस यांच्या '१९१७'विषयी थोडक्यात लिहिते. पहिल्या महायुद्धात दोन सैनिक एक निरोप घेऊन निघतात आणि सगळा चित्रपट जणू एकाच अखंड शॉटमध्ये चित्रित झाला आहे असा भास निर्माण केलेला आहे. रॉजर डिकिन्स यांचे छायाचित्रण थक्क करणारे आहे यात शंका नाही. पण कॅमेरा कधीच थांबत नसल्यामुळे माझे लक्ष सैनिकांवरून उडून कॅमेऱ्यावर जाऊ लागले. आता तो खंदकातून कसा निघणार, पाण्यावरून कसा जाणार. अखंड हालचाल असूनही कुठेही न पोहोचल्याची भावना येते, ती इथे आली. अपवाद एका मृत्यूच्या दृश्याचा, ज्यात बोलणाऱ्या तरुणाच्या चेहऱ्यावरचा रंग पाहता पाहता उतरत जातो. तिथे कॅमेरा गुडघे टेकून बसला आहे असे वाटते.

याच्या अगदी उलट सिडनी ल्यूमेट यांचा १९५७ चा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. एक खोली, बारा ज्युरी, तुंबलेला उकाडा, ९६ मिनिटे. मी तो पूर्वी पाहिला होता, पण या वेळी तो का खिळवून ठेवतो हे शोधण्याच्या उद्देशाने पाहिला. ल्यूमेट यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की चित्रपटाचा पहिला एक-तृतीयांश भाग त्यांनी नजरेच्या पातळीच्या वरून, दुसरा नजरेच्या पातळीवरून आणि शेवटचा तिच्या खालून चित्रित केला, आणि त्याबरोबर अधिकाधिक लांब पल्ल्याच्या लेन्स वापरत नेल्या. परिणाम असा होतो की सुरुवातीला ऐसपैस वाटणारी खोली हळूहळू आवळत जाते, भिंती माणसांच्या खांद्यांना येऊन भिडतात आणि शेवटी छतही चौकटीत दिसू लागते. बघणाऱ्याला हे कळत नाही. त्याला फक्त गुदमरल्यासारखे होते. शेवटी बाहेरच्या पायऱ्यांवर मोकळे, रुंद दृश्य येते तेव्हा आपणच दीर्घ श्वास घेतो. तंत्र दाखवण्यात आणि तंत्र कामाला लावण्यात केवढा फरक आहे, हे '१९१७'नंतर दोनच दिवसांनी हा चित्रपट पाहिल्यामुळे मला फार स्पष्ट दिसले. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्या जिवाचा फैसला होतो आहे तो मुलगा सुरुवातीला काही क्षण दिसतो आणि एक शब्दही बोलत नाही. त्याने खून केला की नाही, हे चित्रपट कधीही सांगत नाही. आपल्याला संशयाची किंमत कळते, सत्य मात्र हाती लागत नाही.

जस्टिन त्रिए यांच्या 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल'मध्येही हेच धाडस आहे. पतीच्या मृत्यूनंतर लेखिका असलेल्या पत्नीवर खटला चालतो. पतीने आदल्या दिवशी गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले भांडण न्यायालयात वाजवले जाते आणि चित्रपट आपल्याला थेट त्या स्वयंपाकघरात घेऊन जातो. दोघेही बरोबर, दोघेही चूक, आणि सांड्रा ह्युलर यांचा अभिनय असा की कोणत्याही वाक्यावर बोट ठेवून हे खोटे आहे असे म्हणता येत नाही. शब्दांवरून हातघाईवर प्रकरण येते त्या नेमक्या क्षणी चित्रपट आपल्याला परत न्यायालयात आणून सोडतो. पुढचे फक्त ऐकू येते. फुटण्याचे, आदळण्याचे आवाज. कोणी कोणाला मारले? जे ज्युरींना ठाऊक आहे तेवढेच आपल्यालाही ठाऊक, आणि त्यांच्यासारखाच आपल्यालाही निर्णय करायचा आहे. अडीच तासांच्या या चित्रपटाबद्दल 'लांबलेला' असे वाचले होते. मला त्यातला तो मुलगा, ज्याला नीट दिसत नाही आणि म्हणून जो ऐकण्यावर विसंबून आहे, आपल्या सगळ्यांचाच प्रतिनिधी वाटला.

ऐकण्याचा विषय निघाला म्हणून, या नऊ चित्रपटांपैकी ज्याने माझी झोप उडवली त्याच्याविषयी सविस्तर लिहिते. जोनाथन ग्लेझर यांचा 'द झोन ऑफ इंटरेस्ट'. नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ हॉस, त्याची पत्नी आणि मुले छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात राहतात. बाग फुललेली आहे, मुले पोहतात, पाहुणे येतात, बढती-बदलीच्या चिंता आहेत. भिंतीपलीकडे काय चालले आहे ते एकदाही दाखवलेले नाही. ते ऐकू येते. गोळीचा आवाज, किंकाळी, कुत्र्यांचे भुंकणे आणि या सगळ्याखाली एक अखंड घरघर, जी काही वेळाने आपल्यालाही ऐकू येईनाशी होते. आणि ती आपल्याला ऐकू येईनाशी झाली आहे हे ध्यानात येते तेव्हा अंगावर काटा उभा राहतो, कारण त्या घरातल्या माणसांचे नेमके हेच झाले आहे. घरात एकाच वेळी दहापर्यंत कॅमेरे लपवून बसवले होते, चित्रीकरणाचे खास दिवे वापरले नव्हते आणि नटांच्या आसपास तंत्रज्ञांची वर्दळ नव्हती. त्यामुळे आपण अभिनय पाहत नसून कुणाच्या तरी घरात डोकावत आहोत असे वाटत राहते. पत्नी हेडविगच्या भूमिकेत पुन्हा सांड्रा ह्युलरच आहेत, आणि 'ॲनाटॉमी'मध्ये जिच्या बाजूने आपण तीळतीळ तुटतो त्याच चेहऱ्याची इथे किळस वाटते. दोन्ही चित्रपट २०२३ च्या कान महोत्सवात एकत्र होते.

हेडविगची आई काही दिवस राहायला येते, लेकीचे वैभव पाहून हरखते, रात्री खिडकीतून भट्ट्यांचा लाल उजेड पाहते आणि कुणाला न सांगता चिठ्ठी ठेवून निघून जाते. चिठ्ठीत काय लिहिले होते? हेडविग ती वाचते आणि शेगडीत टाकते. आपल्याला ती वाचायला मिळत नाही, पण त्यातला प्रत्येक शब्द आपण स्वतः लिहू शकतो. अशा चित्रपटात 'फारसे काही घडत नाही' असे मी एका ठिकाणी वाचले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले. त्या वर्षी ध्वनीचे ऑस्कर मिळवण्यासाठी 'ओपनहायमर'ही स्पर्धेत होता. स्फोटांच्या त्या चित्रपटाऐवजी भिंतीपलीकडच्या या आवाजांना तो पुरस्कार मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

'फ्लो' हा लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा ॲनिमेशनपट मी माझ्या आठ वर्षांच्या नातीबरोबर पाहिला. पुरात सापडलेले एक मांजर आणि एका होडीत जमलेले निरनिराळे प्राणी. ८५ मिनिटांत एकही संवाद नाही. माणसांसारखे बोलणारे प्राणी नाहीत, त्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. मात्र कॅपिबारा या उंदराच्या कुळातल्या मोठ्या प्राण्याच्या मूळ आवाजाचा सूर त्याच्या स्वभावाला जुळेना म्हणून त्याच्यासाठी उंटाच्या पिल्लाचा आवाज घेतला, हे वाचून आम्ही दोघींनी तो प्रसंग पुन्हा लावून ऐकला. मुलांना सतत बडबड आणि गाणी लागतात असे आपण धरून चालतो. माझ्या नातीने एकदाही 'पुढे काय होणार' असे विचारले नाही; मांजराचे कान कुठे वळले आहेत ते ती मलाच दाखवत होती.

चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा 'कोर्ट' मी दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त आवडला. गाण्यातून एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा लोकशाहिरावर खटला आहे, तो का आहे आणि किती पोकळ आहे हे हळूहळू उलगडते. कॅमेरा एका जागी उभा राहून संपूर्ण न्यायालय पाहतो. मागच्या बाकावर पेंगणारा माणूसही त्याला सरकारी वकिलाइतकाच महत्त्वाचा. मरण पावलेल्या सफाई कामगाराची पत्नी साक्ष देताना सांगते की तो गटारात उतरण्याआधी खडा टाकून पाहायचा, झुरळे बाहेर आली की आत हवा आहे असे समजायचा. ती हे सपाट आवाजात सांगते. हुंदका नाही, व्हायोलिन नाही, न्यायाधीशाचा सद्गदित चेहरा नाही; पुढचा प्रश्न येतो. इथे जर चित्रपटाने माझ्या वतीने अश्रू ढाळले असते तर मला तो राग आला नसता जो आला. कामकाज संपून न्यायालयाचे दिवे एकेक करून मालवले जातात आणि काळोख झाल्यावरही दृश्य तिथेच राहते. प्रेक्षकाला वाटते चित्रपट संपला. तो संपलेला नसतो.

हे सगळे लिहिताना मी एक गोष्ट मान्य करते की खरोखर कंटाळवाणे चित्रपट असतात आणि त्यांना तसे म्हणण्याचा परीक्षकाला पूर्ण अधिकार आहे. पण थांबणे वेगळे आणि रेंगाळणे वेगळे. जे सांगून झाले तेच पुन्हा सांगणारा, ज्या नजरेतून कळले तेच नंतर संवादातून आणि मग गाण्यातून समजावणारा चित्रपट रेंगाळतो, मग त्याचे संकलन कितीही झपाट्याचे असो. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकणारा श्रोता गाण्याची लय धीमी आहे अशी तक्रार करत नाही. एकेक सूर किती भरला आहे ते तो पाहतो. चित्रपटाच्या बाबतीत ही समज का असू नये?

म्हणून माझी आपल्याला आणि आपल्या परीक्षकांना विनंती आहे की कथानकाचा सारांश निम्म्याने कमी केला तरी चालेल, आम्ही ते पडद्यावर पाहणारच आहोत. पण चित्रपट कुठे थांबतो आणि तिथे काय भरून ठेवतो, त्याचा आवाज कसा आहे, त्याने काय दाखवायचे नाकारले, याविषयी चार वाक्ये जरूर लिहावीत. एखादा चित्रपट संथ वाटला तर कोणत्या प्रसंगात आणि कशामुळे वाटला तेही लिहावे, म्हणजे तो दोष चित्रपटाचा आहे की त्या दिवशीच्या आपल्या घाईचा, हे वाचकाला ठरवता येईल. ताऱ्यांची पद्धत बंद करावी असे मी म्हणत नाही. ज्यांना एका नजरेत निर्णय हवा असतो त्यांच्यासाठी ती राहू द्यावी. मात्र जुन्या चित्रपटांसाठी महिन्यातून एकदा तरी अर्धे पान राखून ठेवता आले तर बघावे. 'टोकियो स्टोरी'सारखा चित्रपट कुणाच्या तरी आईच्या हयातीतच त्या घरी पोहोचू शकेल.

आपली,
एक नियमित वाचक